दोन फाइलींचा कुत्रा

कुडाळात माझ्या दवाखान्याची पाटी लागून सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कुठल्या आजाराबद्दलचा नाही. तो असा आहे: "डॉक्टरीणबाय, कुत्रो पाळूक खर्च किती येता?"

विचारणाऱ्याच्या कुशीत पिल्लू आधीच असतं. म्हणजे लग्न लावून झाल्यावर पत्रिका बघायला आल्यासारखं. पिल्लू त्याच्या शर्टाचं बटण चावत असतं, सोबतची मुलं माझ्याकडे न्यायाधीशाकडे बघावं तशी बघत असतात, आणि मी काय उत्तर द्यावं हे त्या खोलीतल्या सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. सुरुवातीच्या काळात मीही तेच उत्तर द्यायचे. "फार नाही हो. घरातलं जेवतो तो."

हे उत्तर खोटं होतं, आणि ते मला एका पिल्लाच्या जिवावर कळलं. पहिली लस टोचून गेलेले लोक दुसऱ्या लशीला आलेच नाहीत. पाच आठवड्यांनी आले तेव्हा पिल्लू टॉवेलमध्ये गुंडाळलेलं होतं आणि रक्ताची हगवण लागली होती. मी रागावले. तो माणूस शांतपणे म्हणाला, "तुमीच सांगलास ना, फार खर्च नाय म्हणान. माका वाटला एका सुयेत काम झाला." पिल्लू वाचलं नाही. त्या माणसाला मी आजही दोष देऊ शकत नाही.

तेव्हापासून मी चिठ्ठी द्यायला लागले. औषधं लिहायच्या कागदावरच मी वर्षाचा खर्च ओळीने लिहून देते. लशी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध, खाणं, आणि सगळ्यात खाली एक ओळ: "अचानक". तिच्यापुढे आकडा नसतो. या ओळीवर प्रत्येकाचं बोट थांबतं. "ह्या अचानक म्हणजे काय?" मी म्हणते, ते कळलं असतं तर आकडा लिहिला नसता का? चिठ्ठी वाचून काही जण पिल्लू जिथून आणलं तिथे परत देऊन येतात. माझं गिऱ्हाईक जातं, पण कुत्रं वाचतं. बाकीचे चिठ्ठी घडी करून खिशात घालतात आणि विसरतात. माझे यजमान म्हणतात, गिऱ्हाइकाला दारातूनच घाबरवणारं एवढं एकच दुकान आख्ख्या बाजारपेठेत आहे.

इथल्या कुत्र्याचा खर्च पुण्या-मुंबईच्या हिशोबाने मांडता येत नाही, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे कुत्र्याचा खर्च समुद्रावर अवलंबून असतो. मासे स्वस्त असले की डोकी, शेपट्या, काटे काढलेला भाताचा गोळा, आणि कुत्रा राजासारखा जगतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की मासळी महागते, मग माणसंच सुक्या बांगड्यावर येतात आणि कुत्र्याच्या वाट्याला नुसती पेज. पेज बघून तोंड फिरवणारी कुत्री मला जुलैमध्ये हमखास बघायला मिळतात. "दोन दिस झाले, जेवणाक तोंड लावक नाय" म्हणून आणतात. मी पोट दाबून बघते, ताप बघते, आणि विचारते, "घरात मासे कधी शिजले होते?" आजार तिथेच सापडतो.

श्रावणात तर आणखी गंमत. कुणकेश्वरच्या बाजूचं एक घर आहे, श्रावण कडक पाळणारं. त्यांचा काळ्या नावाचा कुत्रा श्रावणात उपाशी राहायचा. मी म्हटलं, अहो, कुत्र्याला कसला श्रावण? घरातली बाई म्हणाली, "त्येका नाय, पण माझ्या चुलीक आसा ना." तोडगा त्यांनीच काढला. शेजारी मारियाबाय राहते, तिच्या घरी काळ्या महिनाभर मुक्कामाला जातो. त्याचा खर्च मारियाबाय पैशात घेत नाही. चतुर्थीला तिच्या घरी नेवऱ्यांचं, म्हणजे आमच्या करंज्यांचं, भरलेलं ताट जातं, आणि त्यात काळ्याच्या नावाच्या चार जास्त असतात. असा खर्च मी कुठल्या चिठ्ठीत लिहू?

याच्या अगदी उलट टोकाला हस्की. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या बांधलेल्या एका गृहस्थांना मुंबईच्या मुलाने बर्फातला कुत्रा पाठवला. पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतील, धंदा वाढेल, असा हिशोब. मे महिन्यात ते गृहस्थ माझ्याकडे आले ते विजेचं बिल घेऊन. कुत्र्याला घेऊन नाही, बिल घेऊन. म्हणाले, "खोल्यांचो एसी बंद आसा, गिऱ्हाईक नाय म्हणान. ह्यो एकटो एसीत निजता आणि मी भायर वळयेत वारो घेतंय. ह्येका गोळी नाय काय, उकाडो कमी लागाची?" मी म्हटलं, तशी गोळी निघाली तर पहिली मीच घेईन. शेवटी तो हस्की मुलाच्या मित्राकडे थंड हवेच्या गावी गेला. ते गृहस्थ निरोप द्यायला स्टेशनपर्यंत गेले आणि परत येताना माझ्या दवाखान्यात बसून रडले. विजेच्या बिलाबद्दल एक शब्द काढला नाही.

आता ज्या कुत्र्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येते.

वालावलला दोन भाऊ राहतात. थोरल्याचं नाव वसंत म्हणू, धाकट्याचं सुहास. आडनाव सांगत नाही, कारण दावा अजून कोर्टात आहे. वसंतदादा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले. छापलेला कुठलाही कागद पूर्ण वाचल्याशिवाय हातातून सोडत नाहीत. सुहास काजूची कलमं बांधतो आणि संध्याकाळी खाडीवर गळ टाकून बसतो. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. खोल्या वाटल्या गेल्या, माड मोजले गेले, विहिरीचे दिवस ठरले. राहिली ती पुढची पडवी. ती कोणाच्या वहिवाटीची, यावर नऊ वर्षं दावा चालू आहे आणि तेवढीच वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोललेले नव्हते. धाकटा थोरल्याचा उल्लेख "तो पलीकडचो" असा करायचा. थोरला तोही करायचा नाही.

एका दिवशी सकाळी वसंतदादा रिक्षातून कुत्रा घेऊन आले. तपकिरी गावठी कुत्रा, काळं तोंड, एक कान मोडका. "राजा काल सांजपासून जेवक नाय. लाळ गळता." मी फाइल काढली. राजा, मालक वसंत, दर मे महिन्यात लस. सगळं व्यवस्थित. तोंड उघडून बघितलं तर जिभेच्या मुळाशी नायलॉनची बारीक दोरी, आत घशात गेलेली. गळ गिळला होता.

इथे थोडं धंद्याचं सांगते. अशी दोरी दिसली की ती ओढायची नाही. हात शिवशिवतो, पण ओढायची नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला गळ असतो आणि ओढला की तो आतून फाडत येतो. आधी फोटो काढून गळ कुठे अडकलाय ते बघायचं. माझ्याकडे एक्स-रेचं यंत्र नाही. बाजारपेठेतला माणसांचा एक्स-रे काढणारा एक भला गृहस्थ दुपारी जेवायच्या सुट्टीत मागच्या दाराने माझे पेशंट घेतो. गळ पोटात होता. उलटीने येणार नाही, खाली सरकला तर आतडं फाडणार. पोट उघडावं लागणार होतं, आणि त्याच दुपारी. उशीर झाला तर कुत्रा हातचा जाणार होता.

कुत्र्याला घेऊन दवाखान्यात परत आलो तर दारात सुहास उभा. मोटरसायकल चालूच ठेवलेली. "टिप्या, रे टिप्या." कुत्र्याने त्या तशा अवस्थेत शेपटी हलवली.

मी म्हटलं, "सुहास, तुझा टिपू घरी आहे ना? हा वसंतदादांचा राजा."

"ह्योच माझो टिपू, बाय. दर दिवाळीच्या आदी तुमीच लस देतास ना त्येका."

मी फाइलींच्या कपाटाकडे गेले. टिपू, मालक सुहास, दर ऑक्टोबरात लस. तपकिरी, काळं तोंड. 'डावा कान मोडका' हे माझ्याच अक्षरात दोन्हीकडे लिहिलेलं. कुत्र्याचं तोंड एकदा बघितलं की मी विसरत नाही, असं मी चारचौघांत सांगत असते. तोच कुत्रा पाच वर्षं, वर्षातून दोनदा, दोन नावांनी माझ्या टेबलावर चढत होता आणि मी दोनदा सुई मारत होते, दोनदा जंताचं औषध देत होते, दोनदा पैसे घेत होते. कुत्र्याचं त्यात काही बिघडलं नाही. माझी मात्र चांगलीच जिरली. तो इतका जाडा का, तेही तेव्हा उमगलं. पलीकडचा काही घालत नसणार, असं धरून दोन्ही घरं त्याला पोटभर जेवू घालत होती.

भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून दोघेही माझ्याशी बोलायला लागले.

"डॉक्टरीणबाय, विचारा तेंका, गळ उघड्यार कोणी टाकलो?" वसंतदादा म्हणाले.

सुहासचा चेहरा पडला. "गळ माझोच. खाडीरसून इलंय, पिशी पडवीर ठेवन पाय धुवक गेलंय. गळाक सुंगट तसाच रवला होता. तेवढ्यात ह्येना घास मारल्यान. ऑपरेशनाचो सगळो खर्च मी देतंय."

"कोणाच्या उपकाराची गरज नाय. खर्च मी देतलंय. सही खंय करूची ती सांगा."

कुत्र्याचा खर्च कोण करणार, यावर मी पुष्कळ भांडणं बघितली आहेत. पण ती सगळी 'तू दे' अशी असतात. 'मी देतो' यावरचं भांडण पहिल्यांदाच बघत होते, आणि सुरुवातीला मला भरूनही आलं. वसंतदादांनी संमतीचा कागद वाचायला घेतला तेव्हा खरं काय ते कळलं.

तो कागद मीच तयार केलेला आहे आणि मला त्याचा अभिमान होता. त्यात मालकाचं नाव, सही, आणि 'प्राणी कुठे राहतो' असा रकाना आहे. रेबीजची साथ आली तर शोधायला बरं, म्हणून मी तो घातला होता. दादांनी तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, "लिवा. कुत्रो वसंताचो. रवता वसंताच्या पडवीत."

"बघा बघा," सुहास म्हणाला. "कुत्र्याच्या नावार पडवी लिवन घेवक बघता तो. सही मी करतलंय. कुत्रो माझो, आणि तो माझ्या पडवीत निजता."

म्हणजे माझ्या शिक्क्याचा कागद दोघांनाही वकिलाकडे न्यायचा होता. कुत्रा टेबलावर, लाळेत रक्ताची तार दिसायला लागलेली, आणि इकडे वहिवाटीचा युक्तिवाद. मला सणसणून राग आला, आणि रागात पोट उघडता येत नाही. मी कागद ओढून घेतला. मालकाच्या नावापुढे माझं नाव लिहिलं. 'प्राणी कुठे राहतो' यापुढे माझ्या दवाखान्याचा पत्ता लिहिला. खाली माझी सही केली.

"आता ह्यो कुत्रो माझो," मी म्हटलं. "दोघाय भायर बसा. कोणाचो आवाज आयकाक येता नये."

दोघेही बाहेर जाऊन बाकाच्या दोन टोकांना बसले. ऑपरेशनला दीड तास लागला. मध्ये एकदा कुत्र्याचा श्वास मंदावला आणि माझ्या मदतनीस मंदाताईंनी देवाचं नाव घेतलं. मी भुलीचं औषध कमी केलं, थांबले, श्वास पुन्हा लागला. गळ निघाला तेव्हा त्याला सुंगटाचं, म्हणजे आमिषाच्या कोळंबीचं, कवच अजून चिकटलेलं होतं. मी बाहेर येऊन म्हटलं, "वाचलो." वसंतदादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सुहास उठून मोटरसायकलपाशी गेला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दोन पाकिटं आली, दोन्हींत पूर्ण रक्कम. मी दोन्हींतली अर्धी-अर्धी परत पाठवली. दोघांनाही राग आला.

खरी पंचाईत पुढे होती. टाके असेपर्यंत कुत्र्याला थोडं आणि मऊच खायला घालायचं, ठरलेल्या वेळी. दोन घरांतून दोन वाढपं झाली तर टाके तुटणार. बरं, याने घातलं की नाही हे त्याला कळणार कसं? बोलणं तर नाही. मी एकच थाळी ठरवून दिली. सकाळचं दादांनी घालायचं, संध्याकाळचं सुहासने. जेवण घातलं की थाळी धुवून पडवीच्या पायरीवर उपडी ठेवायची. उपडी थाळी दिसली की समजायचं, जेवला.

दोघांनीही मान्य केलं, कारण हे माझं म्हणणं होतं, एकमेकांचं नव्हतं. टाके निघाले, तरी थाळी चालूच राहिली. कुत्रा बारीक झाला, छान पळायला लागला. मंदाताई म्हणाल्या, "खर्च निम्म्यार इलो त्येचो." मला वाटलं, इथे हे प्रकरण संपलं. बोलत नसले तरी दिवसातून दोनदा एकमेकांची थाळी बघतात, हेही काही कमी नाही.

पुढच्या माघात एकदा सकाळी नऊच्या सुमाराला सुहासचा फोन आला.

"डॉक्टरीणबाय, तो पलीकडचो... आज थाळी उपडी नाय. कुत्रो तेच्या दारात बसलो हा, भुकता. मी घालू काय जेवाण?"

मी दुसऱ्या एका कुत्र्याच्या पायाला प्लास्टर घालत होते. "घाल की," म्हणणार होते. मग आठवलं, तीस वर्षं एसटी वेळेवर सोडलेला माणूस. वहिनी मुंबईला मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि दादांना मधुमेह होता, हेही सुहासनेच मागे सांगितलं होतं.

"कुत्र्याचा रवांदे," मी म्हटलं. "तू आत जावन बघ."

"नव वर्सा झाली, बाय. तेच्या उंबऱ्याआत पाय ठेवक नाय मी."

"मगे आज ठेव. फोन चालू रवांदे."

दार नुसतं लोटलेलं होतं. मला त्याची पावलं ऐकू आली, कुत्र्याचं भुंकणं आत गेलेलं ऐकू आलं, आणि मग त्याचा आवाज, जो मी कधी ऐकला नव्हता. "दादा. ए दादा. डोळे उघड."

वसंतदादा चुलीपाशी पडले होते. साखर एकदम खाली गेलेली, अंग घामाने निथळत होतं. शुद्ध पुरती हरपलेली नव्हती. मी फोनवरूनच सांगितलं, गिळत असतील तर साखरेचं पाणी घोट घोट पाज. मग शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना कुडाळला आणलं. इस्पितळात पोचायला आणखी तासभर उशीर झाला असता तर काय, हे तिथल्या डॉक्टरांनी सुहासला सांगितलं, आणि ते त्याने मला सांगितलं नाही. ते मला नंतर वहिनींकडून कळलं. त्याने मला एवढंच सांगितलं की भरती करताना कागदावर नातेवाइकाची सही मागितली होती.

"वाचलंस तरी काय?" मी विचारलं.

"नाय. दाखवल्यानी थंय केलंय."

दावा अजून चालू आहे. वकील बदलायचा तर पुन्हा खर्च, आणि मागे घ्यायचा तर दोघांनाही लाज वाटते. तारखेला दोघे एका रिक्षातून जातात, असं ऐकते. त्यांचं गुळपीठ झालंय असं मी म्हणणार नाही. विहिरीच्या दिवसावरून मागच्याच महिन्यात वाजलं होतं. पण वाजायला बोलावं लागतं.

परवा मे महिन्यात दोघे मिळून कुत्र्याला लशीसाठी घेऊन आले. दादा थोडे वाकले आहेत. कुत्र्याची दोरी सुहासच्या हातात होती आणि दादांची पिशवीही. मी दोन्ही फाइली काढल्या, एक फाडून टाकली आणि दुसरीला लावलेल्या संमतीच्या कागदावरची माझी मालकी खोडायला पेन हातात घेतलं.

"बोला, मालकाचा नाव काय लिवू?"

"तेचा लिवा," वसंतदादा म्हणाले. "माझा आता काय खरा नाय. उद्या मी पडलंय तर कुत्र्याक बघतलो कोण?"

"नको, बाय," सुहास म्हणाला. "दादाचा लिवा."

"मी सांगतंय ना, तेचा लिवा."

"दादाचाच लिवा."

पाच मिनिटं झाली, दहा झाली, बाहेर रांग लागली. मी पेन ठेवून दिलं. कागदोपत्री तो कुत्रा अजून माझाच आहे. मी सुई भरली, सुहासने त्याचं डोकं धरलं, दादांनी पाठीवर हात ठेवला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्या कुत्र्याला वर्षाची एकच लस टोचली.